बाजूची फिरकी (पूल)

बाजूची फिरकी म्हणजे पूल, स्नूकर व बिलियर्ड्स या खेळांत पांढऱ्या चेंडूवर त्याच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे क्यूने टोला दिल्यामुळे त्या चेंडूस उभ्या अक्षाभोवती प्राप्त होणारे भ्रमण होय. भारतात व ब्रिटनमध्ये तिला 'साइड' आणि अमेरिकेत 'इंग्लिश' असे म्हणतात. कुशनवर आदळल्यानंतर चेंडूची दिशा बदलणे आणि पुढील फटक्यासाठी पांढरा चेंडू सोयीच्या जागी आणणे, हा या फिरकीचा मुख्य उपयोग आहे. मात्र फिरकी दिल्याबरोबर नेमाची रेषाही बदलते. मध्यभागी टोला दिला असता पांढरा चेंडू क्यूच्या रोखानेच जातो. बाजूला टोला दिला असता तो तसा जात नाही. या बदलामागे विचलन, वळण व ओढ अशी तीन स्वतंत्र कारणे असून त्यांचे परिणाम कधी एकमेकांत मिळतात, तर कधी एकमेकांना छेद देतात.

## संज्ञा

या लेखात ज्या चेंडूला क्यूने टोला देतात त्यास 'पांढरा चेंडू' आणि जो पॉकेटमध्ये घालावयाचा असतो त्यास 'लक्ष्य चेंडू' म्हटले आहे. चेंडूच्या मध्यापासून उजवीकडे दिलेल्या टोल्याने मिळते ती उजवी फिरकी आणि डावीकडील टोल्याने मिळते ती डावी फिरकी. उजवी फिरकी असलेला चेंडू वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसतो. पुढील सर्व वर्णन उजव्या फिरकीस धरून केले आहे. डाव्या फिरकीसाठी सर्व दिशा उलट समजाव्यात.

नेमावर होणाऱ्या परिणामांची खेळाडूंमध्ये रूढ असलेली नावे पुढीलप्रमाणे आहेत:

* विचलन किंवा स्क्वर्ट: टोला बसताक्षणीच पांढरा चेंडू फिरकीच्या विरुद्ध बाजूस किंचित कलणे.
* वळण किंवा स्वर्व्ह: पांढऱ्या चेंडूचा मार्ग वाटेत फिरकीच्या बाजूस वक्र होणे.
* ओढ किंवा थ्रो: दोन चेंडूंच्या स्पर्शात घर्षणामुळे लक्ष्य चेंडूची दिशा बदलणे.

## फिरकी कशी निर्माण होते

पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो, म्हणजेच त्रिज्या सुमारे २८.६ मिलिमीटर. क्यूच्या टोकास चामड्याची टिप बसवलेली असते आणि तिच्यावर खडू लावलेला असतो. खडूमुळे वाढलेल्या घर्षणाने टिप चेंडूवरून न घसरता त्यास पकडून ठेवते. क्यू व चेंडू यांचा हा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरताच टिकतो.

टोला मध्यापासून जितका दूर, तितकी फिरकी अधिक. परंतु या अंतरास मर्यादा आहे. साधारणपणे त्रिज्येच्या निम्म्यापलीकडे, म्हणजे मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटरपलीकडे टोला दिल्यास टिप घसरते आणि फटका वाया जातो. यास 'मिसक्यू' म्हणतात. मध्यापासून त्रिज्येच्या दोन पंचमांश अंतरावर टोला बसला, तर फिरकीमुळे चेंडूच्या विषुववृत्ताला मिळणारी गती चेंडूच्या पुढे जाण्याच्या गतीइतकी होते.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी, की वेगाच्या मानाने फिरकीचे प्रमाण टोल्याच्या जागेवरच अवलंबून असते. मनगटाला झटका दिल्याने हे प्रमाण वाढत नाही. जोरात मारल्यास फिरकी वाढते खरी, पण त्याच प्रमाणात चेंडूचा वेगही वाढतो.

## नेमातील चुकीचे गुणन

बाजूच्या फिरकीचे कोन ऐकावयास किरकोळ वाटतात. ते किरकोळ का नाहीत, हे समजण्यासाठी या खेळात नेमाला किती थोडी सवलत असते ते पाहणे आवश्यक आहे.

दोन्ही चेंडू व पॉकेट एका सरळ रेषेत आहेत, पांढरा चेंडू आघाताच्या जागेपासून १ मीटर दूर आहे आणि तेथून पॉकेटही १ मीटर अंतरावर आहे, असे मानू. पांढऱ्या चेंडूची दिशा १ अंशाने चुकली, तर आघाताच्या वेळी तो अपेक्षित जागेपासून सुमारे १७.५ मिलिमीटर बाजूला असतो. स्पर्श मध्यावर न होता कडेला होतो आणि लक्ष्य चेंडूची दिशा सुमारे १८ अंशांनी चुकते. म्हणजे पांढऱ्या चेंडूची चूक लक्ष्य चेंडूत जवळजवळ अठरा पट होते. हा गुणक साधारणपणे पांढऱ्या चेंडूने कापलेले अंतर भागिले चेंडूचा व्यास इतका असतो.

पूलच्या टेबलावरील कोपऱ्याच्या पॉकेटचे मुख सुमारे ११५ मिलिमीटर रुंद असते. त्यातून ५७ मिलिमीटरचा चेंडू जाण्यासाठी दोन्ही बाजूंना सुमारे २९ मिलिमीटर मोकळीक उरते. १ मीटर अंतरावरून पाहता ही मोकळीक १.७ अंशांपेक्षा थोडी कमी भरते. तिला वरील गुणकाने भागले असता पांढऱ्या चेंडूच्या नेमासाठी अंशाचा जेमतेम दहावा भाग उरतो. बाजूच्या फिरकीमुळे होणारे विचलन १ ते २ अंशांचे सहज असू शकते. त्यामुळे नेम न बदलता केवळ फिरकी दिली, तर लांबचा सरळ फटका चुकणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

## नेमावरील तीन परिणाम

### विचलन

उजव्या बाजूस टोला दिला असता पांढरा चेंडू क्यूच्या रोखाच्या किंचित डावीकडे निघतो. स्पर्शाच्या अल्प काळात चेंडू फिरू लागतो आणि त्याला चिकटलेल्या टिपेला आपल्याबरोबर बाजूला ढकलतो. टिप व तिच्यामागील काठीचा भाग बाजूला सरकतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू उलट दिशेस रेटला जातो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे उदाहरण होय.

विचलन किती होईल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे टोल्याचे मध्यापासूनचे अंतर. ते वाढले की विचलनही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. दुसरी म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकाकडील भागाचे वस्तुमान. संपूर्ण क्यूचे वजन येथे महत्त्वाचे नसते. स्पर्शाच्या क्षणी बाजूला ढकलला जाणारा टोकाकडील थोडा भागच परिणामकारक असतो. हा भाग हलका असेल तर चेंडूवरील प्रतिक्रिया कमी होते. फटक्याच्या वेगाने विचलनाचा कोन फारसा बदलत नाही.

### वळण

क्यू पूर्णपणे आडवा असेल, तर उभ्या अक्षाभोवतीच्या फिरकीने चेंडूचा मार्ग वक्र होत नाही. क्रिकेटमधील फिरकी चेंडू हवेत वळतो, त्याचे कारण हवेचा दाब होय. पूलच्या चेंडूवर हवेचा परिणाम नगण्य असतो. मात्र टेबलाच्या कडा उंच असल्यामुळे क्यूची मागची बाजू नेहमीच थोडी वर धरावी लागते. त्यामुळे टोला थोडासा वरून खाली बसतो, फिरकीचा अक्ष तिरपा होतो आणि कापडाशी होणारे घर्षण चेंडूला हळूहळू फिरकीच्या बाजूस ओढते. चेंडू कापडावर घसरत असतो तोपर्यंत मार्ग वक्र राहतो. तो निखळ गडगडू लागला की मार्ग पुन्हा सरळ होतो.

वळण हे विचलनाच्या विरुद्ध दिशेस होते. उजव्या फिरकीत चेंडू आधी डावीकडे कलतो आणि मग उजवीकडे वळतो. क्यू जितका अधिक उचललेला, तितके वळण अधिक. सावकाश मारलेला चेंडू थोड्याच अंतरात वळून घेतो. जोरात मारलेला चेंडू लांबवर घसरत जातो आणि त्याचे वळण पूर्ण होण्यापूर्वीच आघात होऊ शकतो. नवे, गुळगुळीत कापड वळणास उशीर लावते, तर जुने किंवा दमट हवेने ओलसर झालेले कापड ते लवकर घडवते. स्नूकरच्या कापडावर लव असते आणि सावकाश जाणाऱ्या फिरत्या चेंडूच्या मार्गावर त्या लवीच्या दिशेचाही परिणाम होतो.

### ओढ

विचलन व वळण पांढऱ्या चेंडूच्या मार्गाशी संबंधित आहेत; ओढ ही लक्ष्य चेंडूच्या मार्गाशी. उजव्या फिरकीच्या चेंडूचा पुढचा पृष्ठभाग डावीकडे सरकत असतो. तो लक्ष्य चेंडूस स्पर्श करताच घर्षणाने त्यालाही डावीकडे ओढतो आणि त्याच वेळी त्यास थोडी उलट फिरकी देतो. अनुकूल स्थितीत ओढीचा कोन ५ अंशांपर्यंत जाऊ शकतो.

सावकाश फटक्यात ओढ अधिक आणि वेगवान फटक्यात कमी असते, कारण पृष्ठभाग एकमेकांवरून वेगाने घसरत असताना त्यांच्यातील घर्षणगुणांक घटतो. याच कारणाने सर्वाधिक फिरकी दिली म्हणजे सर्वाधिक ओढ मिळेल असे नाही. मध्यम फिरकीत ती अनेकदा जास्त असते. चेंडू मळलेले असल्यास ओढ वाढते. स्पर्शाच्या नेमक्या जागी खडूचा डाग आला, तर ती अनपेक्षितपणे मोठी होते.

फिरकी नसतानाही कापून मारलेल्या फटक्यात ओढ असते, कारण पांढरा चेंडू लक्ष्य चेंडूला तिरपा घासून जातो. लक्ष्य चेंडू डावीकडे कापावयाचा असेल, तर ही ओढ त्यास थोडे उजवीकडे नेते आणि काप अपेक्षेपेक्षा कमी होतो. अशा फटक्यात उजवी, म्हणजे 'बाहेरची' फिरकी दिली असता दोन्ही चेंडूंचे पृष्ठभाग दातेरी चाकांप्रमाणे एकमेकांबरोबर फिरतात आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते. ३० अंशांच्या कापासाठी मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे एक पंचमांश, म्हणजे ५.७ मिलिमीटर अंतरावरील टोला त्यास पुरतो. याहून अधिक बाहेरच्या फिरकीने काप वाढतो. डावी, म्हणजे 'आतली' फिरकी घर्षणाची दिशा तीच ठेवते. त्यामुळे काप कमी करणारी ओढ कायम राहते.

## एकत्रित परिणाम

हे तीन परिणाम एकत्र आले की नवशिक्या खेळाडूचा गोंधळ होतो. उजवी फिरकी दिलेल्या सरळ फटक्यात विचलनामुळे पांढरा चेंडू डावीकडे जाऊन लक्ष्य चेंडूच्या डाव्या अंगावर आदळतो, आणि त्यामुळे लक्ष्य चेंडू उजवीकडे जातो. ओढ मात्र त्यास डावीकडे नेते. वळण पांढऱ्या चेंडूला मूळ रेषेकडे परत आणते, म्हणजेच विचलनाचा परिणाम कमी करते.

चेंडू लांब असून फटका वेगवान असेल, तर वळणाला अवसर मिळत नाही आणि ओढही कमी असते. अशा वेळी विचलन वरचढ ठरते व लक्ष्य चेंडू उजवीकडे चुकतो. तोच फटका, त्याच नेमाने व तितक्याच फिरकीने, पण सावकाश मारला, तर वळणामुळे पांढरा चेंडू रेषेवर परततो किंवा तिला ओलांडून पलीकडेही जातो. त्यात ओढीची भर पडते आणि लक्ष्य चेंडू डावीकडे चुकतो. एकाच नेमातून केवळ वेग बदलल्याने दोन विरुद्ध चुका घडतात, त्या अशा. म्हणूनच बाजूच्या फिरकीसाठी नेम किती बदलावा, या प्रश्नास वेग व अंतर सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

## नेम दुरुस्त करण्याच्या पद्धती

अंदाजाची पद्धत. पुष्कळ खेळाडू दीर्घ सरावाने क्यूचा रोख किती हलवावा याची जाण मिळवतात आणि फटक्यासाठी उभे राहतानाच तो हलवून घेतात. या पद्धतीत गणित नसते. मात्र क्यू बदलला की कमावलेला अंदाज पुन्हा जुळवावा लागतो.

मागच्या हाताची पद्धत. खेळाडू प्रथम मध्यभागी टोला द्यावयाचा असल्याप्रमाणे नेम धरतो. नंतर पुढचा, म्हणजे ब्रिजचा हात स्थिर ठेवून मागचा हात सरकवतो, जेणेकरून टिप हव्या त्या बाजूस जाईल. उजव्या फिरकीसाठी मागचा हात डावीकडे जातो, क्यूचा रोख थोडा उजवीकडे होतो आणि डावीकडील विचलनाची भरपाई होते. ही भरपाई अचूक होण्यासाठी ब्रिजचा हात चेंडूपासून ठरावीक अंतरावर असावा लागतो. या अंतरास त्या क्यूची नैसर्गिक आस-लांबी म्हणता येईल. १० मिलिमीटर बाजूला टोला दिल्यावर २ अंश विचलन देणाऱ्या क्यूसाठी हे अंतर सुमारे २९ सेंटिमीटर भरते. विचलन कमी देणाऱ्या क्यूसाठी ते अधिक असते.

पुढच्या हाताची पद्धत. यात मागचा हात स्थिर ठेवून ब्रिजचा हात बाजूला सरकवतात. आस लांब असल्याने रोख कमी बदलतो. ज्या फटक्यांत वळण बरेचसे विचलन भरून काढते, अशा सावकाश फटक्यांसाठी ही पद्धत सोयीची पडते. दोन्ही पद्धतींचे मिश्रण करणारे खेळाडूही आहेत.

एखाद्या क्यूचे विचलन जाणून घेण्याचा सोपा उपाय आहे. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची लांबी २५४ सेंटिमीटर असते. हेड स्पॉटवर ठेवलेला पांढरा चेंडू क्यू शक्य तितका आडवा धरून, बाजूला टोला देऊन, टेबलाच्या लांबीच्या दिशेने समोरच्या कुशनच्या मध्यावर जोरात मारावा आणि तो प्रत्यक्षात कुठे लागतो हे पाहावे. या अंतरावर १ अंश विचलनामुळे चेंडू सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो.

## कुशनवरील उपयोग

उजव्या फिरकीचा चेंडू समोरच्या कुशनवर सरळ आदळला, तर त्याचा डावीकडे सरकणारा पृष्ठभाग कुशनला घासतो आणि चेंडू उजवीकडे परततो. चेंडू आधीच उजवीकडे जात असेल, तर या फिरकीने परतीचा कोन रुंदावतो आणि चेंडू पुढे जोमाने जातो. तिला 'धावती' फिरकी म्हणतात. डावी फिरकी असल्यास कोन अरुंद होतो आणि चेंडूची गती मोडते. बाजूची फिरकी पुढच्या वा मागच्या फिरकीपेक्षा सावकाश ओसरते. त्यामुळे लक्ष्य चेंडूवर आदळूनही ती पुष्कळशी शिल्लक राहते व कुशनवर कामी येते.

## साधने

पूलच्या क्यूची टिप साधारणपणे १२ ते १३ मिलिमीटर, तर स्नूकरच्या क्यूची ९ ते १० मिलिमीटर व्यासाची असते. विचलन टोकाकडील वस्तुमानावर अवलंबून असल्याचे स्पष्ट झाल्यावर काठीचा पुढचा भाग पोकळ किंवा बारीक करून तो हलका करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील प्रिडेटर या कंपनीने कमी विचलनाचे शाफ्ट बाजारात आणले. पुढे कार्बन फायबरचे शाफ्टही प्रचारात आले. अशा क्यूने विचलन घटते, पण शून्य होत नाही. शिवाय वळण व ओढ यांवर क्यूच्या बनावटीचा थेट परिणाम नसल्याने त्यांचा विचार करावाच लागतो.

## इतिहास

चामड्याच्या टिपेपूर्वी उघड्या लाकडी टोकाने मध्यापासून दूर टोला देणे धोक्याचे होते, कारण क्यू सहज घसरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चामड्याची टिप प्रचारात आणण्याचे श्रेय फ्रेंच खेळाडू फ्रांस्वा मिंगो यास दिले जाते. इंग्लंडमधील बाथ येथील जॅक कार याने १८२० च्या दशकात बाजूच्या फिरकीचे प्रयोग दाखवून आपला खडू विकल्याचे सांगितले जाते. अमेरिकेतील 'इंग्लिश' हे नाव इंग्रज खेळाडूंमुळे रूढ झाले, असे सामान्यतः मानतात. १८९७ मध्ये विल्यम स्पिंक्स व विल्यम हॉस्किन्स यांनी अमेरिकेत नव्या प्रकारच्या खडूचे पेटंट घेतले. त्यामुळे टिपेची पकड अधिक भरवशाची झाली.

फिरत्या चेंडूच्या गतीचे पहिले सखोल गणिती विवेचन फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार-गुस्ताव कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिलियर्ड्सवरील ग्रंथात केले. पृथ्वीच्या परिवलनासंदर्भात प्रसिद्ध असलेला 'कोरिओलिस परिणाम' त्यांच्याच नावाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन लेखक रॉबर्ट बर्न यांच्या पुस्तकांनी हा विषय सामान्य खेळाडूंपर्यंत नेला. अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोरे यांनी त्याची अतिवेगवान चित्रणासह मांडणी केली.

भारतात या खेळांपैकी बिलियर्ड्सची परंपरा जुनी आहे आणि त्यात बाजूच्या फिरकीस मोठे महत्त्व आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा हेही हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते होते, तर बिलियर्ड्स व स्नूकर या दोन्ही खेळांतील जगज्जेते पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच आहे.

## गैरसमज

* *फटका वाकडा गेल्यानेच विचलन होते.* क्यू अगदी सरळ चालवला तरी बाजूच्या टोल्याने विचलन होतेच.
* *जोरात मारल्यास विचलन वाढते.* विचलनाचा कोन जवळजवळ तोच राहतो; कमी होते ते वळण, आणि म्हणून विचलन अधिक दिसते.
* *चांगला खेळाडू प्रत्येक फटक्यात साइड वापरतो.* फिरकीसोबत नेमाची अनिश्चितता वाढते. त्यामुळे चेंडूच्या मध्यरेषेवर वर किंवा खाली टोला देऊन, वेग सांभाळून, पांढरा चेंडू हव्या त्या जागी आणता येत असेल, तर कुशल खेळाडू बाजूची फिरकी टाळतात आणि अन्य मार्ग नसेल तेव्हाच, हवी तेवढीच देतात.